टॅकिऑनची विज्ञानकथा कशी लिहावी

दिवाळी अंकासाठी आलेल्या विज्ञानकथा चाळून त्यांतल्या चार-पाच निवडण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे होते. दरवर्षी त्या गठ्ठ्यातल्या दोन-तीन कथांत तरी टॅकिऑन, म्हणजे प्रकाशापेक्षा वेगाने जाणारा कल्पित कण, भेटत असे, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्याला एकाच कामाला जुंपलेले असे. नायकाला दूरच्या ताऱ्यावर जायचे असते, साध्या यानाला हजारो वर्षे लागली असती, म्हणून लेखकाने यानाला 'टॅकिऑन इंजिन' बसवलेले असते आणि पुढच्या परिच्छेदात यान मुक्कामाला पोहोचलेले असते. अशा कथेत 'टॅकिऑन इंजिन' खोडून 'उडता गालिचा' असे लिहिले तरी दुसरा एकही शब्द बदलावा लागत नाही. माझी पहिली सूचना हीच आहे की आपल्या कथेला ही गालिचाची कसोटी लावून पाहावी आणि कथा तीत सहज उतरली, तर टॅकिऑनचे नाव काढून टाकावे. ज्यांना तो ठेवायचाच आहे, त्यांनी हे लक्षात घ्यावे की टॅकिऑन हे वेगवान वाहन नाही. 'आधी' आणि 'नंतर' हे दोन शब्द आपण ज्या खात्रीने वापरतो, ती खात्री हा कण काढून घेतो आणि खरी कथा तिथे सुरू होते.

कण कोठून आला

१९०५ साली आइन्स्टाइन यांनी मांडलेल्या विशेष सापेक्षता सिद्धांतानुसार एखाद्या वस्तूचा वेग जसजसा प्रकाशाच्या वेगाजवळ, म्हणजे सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटरजवळ, जातो तसतशी तिचा वेग आणखी वाढवायला लागणारी ऊर्जा बेसुमार वाढत जाते आणि नेमका प्रकाशवेग गाठायचा झाल्यास ती अनंत लागते. यावरून प्रकाशापेक्षा वेगवान असे काहीच असू शकत नाही, असा निष्कर्ष बराच काळ गृहीत धरला गेला. १९६२ साली बिलान्युक, देशपांडे आणि सुदर्शन या तीन भौतिकशास्त्रज्ञांनी एका शोधनिबंधात या निष्कर्षातली फट दाखवली. सिद्धांत भिंत ओलांडायला मनाई करतो. भिंतीपलीकडे जन्मापासूनच कोणी राहत असेल, तर त्याबद्दल तो काही बोलत नाही. प्रकाशाचा कणही वेग वाढवत वाढवत प्रकाशवेगापर्यंत पोहोचत नाही, तो जन्मतःच त्या वेगाने निघतो. सुदर्शन यांनी यासाठी दिलेला दाखला आपल्याकडच्या वाचकाला पटकन पटतो: हिमालय कोणालाच ओलांडता येत नाही, म्हणून हिमालयाच्या उत्तरेला माणसेच नाहीत, असे एखाद्या लोकसंख्याशास्त्रज्ञाने म्हणावे का? पलीकडची माणसे पलीकडेच जन्मलेली आहेत, त्यांना डोंगर ओलांडावा लागलेला नाही. पुढे १९६७ मध्ये जेराल्ड फाइनबर्ग यांनी 'वेगवान' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून या कल्पित कणाला टॅकिऑन हे नाव दिले.

या इतिहासाचा एक धागा मुंबईतून जातो आणि मुंबईत कथा घडवू पाहणाऱ्याला तो उपयोगी पडेल. सुदर्शन १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते आणि तेव्हा ही संस्था गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. कुलाब्याच्या टोकावरच्या आजच्या वास्तूचे उद्घाटन १९६२ साली झाले. त्याच कुलाब्याच्या संस्थेत १९७२ पासून काम करणाऱ्या जयंत नारळीकरांनी सुदर्शन यांच्याबरोबर टॅकिऑन आणि विश्वरचनाशास्त्र यांचा संबंध तपासणारा शोधनिबंध लिहिला, तो १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी दोनच वर्षे, १९७४ मध्ये, नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले होते. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी फिरवून त्यांनी ते नाव तयार केले होते. क्रम उलटा करण्याची हौस आपल्या विषयाशी जुळणारी आहे, इतकेच या ठिकाणी नोंदवतो.

कथेत वापरता येतील असे गुणधर्म

मुंबईकर लेखकाला टॅकिऑनसाठी पहिली उपमा सुचते ती फास्ट लोकलची, आणि नेमकी तीच टाळावी. फास्ट लोकल स्थानकावर थांबलेली असते, मग सुटते, मग वेग घेते. टॅकिऑन कधीही थांबलेला नसतो आणि त्याला थांबवताही येत नाही, कारण प्रकाशवेग ही त्याच्यासाठी खालची मर्यादा आहे. त्याहून चमत्कारिक बाब म्हणजे त्याची ऊर्जा आणि त्याचा वेग यांचे नाते आपल्या अनुभवाच्या उलट आहे: ऊर्जा कमी झाली की त्याचा वेग वाढतो आणि ऊर्जा शून्याकडे गेली की वेग अनंताकडे जातो. प्रकाशाच्या चौपट वेगाने जाणाऱ्या टॅकिऑनची ऊर्जा काढून घेऊन ती सुमारे चाळीस टक्क्यांवर आणली, तर तो प्रकाशाच्या दहापट वेगाने धावू लागेल. उलट त्याला प्रकाशवेगापर्यंत संथ करायचे असेल, तर अनंत ऊर्जा ओतावी लागेल. या सगळ्याच्या मुळाशी असलेले गणित असे की प्रकाशवेगापलीकडे ऊर्जेच्या सूत्रातले वर्गमूळ ऋण संख्येचे होते आणि ऊर्जा मोजता येण्याजोगी राहावी म्हणून कणाचे वस्तुमानही काल्पनिक संख्येत धरावे लागते. कथेत हे समीकरण मांडण्याची गरज नाही. 'काल्पनिक वस्तुमान' हा शब्दप्रयोग मात्र जपून वापरावा. गणितातली काल्पनिक संख्या म्हणजे 'नसलेली' संख्या नव्हे, पण वाचक तसाच अर्थ घेतो.

ऊर्जेचे हे उलटे नाते लेखकासाठी फार मोलाचे आहे, कारण त्यातून प्रसंग आपोआप तयार होतात. जुलैतल्या एखाद्या रात्री मुंबईत पाऊस कोसळतो आहे, विजेचा दाब घसरतो आहे, आणि संदेश पाठवणारे यंत्र बंद पडण्याऐवजी अधिक वेगाने संदेश पाठवू लागते, हे चित्र गालिचाच्या कथेत येऊच शकत नाही. त्याचबरोबर अशक्त टॅकिऑन टिपणे अवघड असेल असे मानणे वाजवी आहे, म्हणून संदेश जितका वेगवान तितका तो तुटक, अशी अडचण लेखकाने यंत्रावर घालावी. या अडचणीचा उपयोग पुढे दाखवतो.

दिसण्याबाबतही असाच विचार करावा. टॅकिऑन आपल्या दिशेने येत असेल आणि वाटेत प्रकाश सोडत असेल, तर तो स्वतः आधी पोहोचेल आणि त्याचा प्रकाश नंतर. म्हणजे तो येताना दिसणारच नाही. तो निघून गेल्यावर मात्र त्याच्या दोन प्रतिमा एकाच वेळी दिसतील, एक पुढे जाणारी आणि दुसरी जिकडून तो आला तिकडे मागे जाणारी. 'आकाशातून काहीतरी वेगाने येताना दिसले' हे वाक्य लिहिणाऱ्याने ते याच कारणासाठी खोडावे. विद्युतभार असलेला टॅकिऑन निर्वातातही चेरेन्कॉव्ह प्रारण, म्हणजे भोवतालच्या प्रकाशाहून वेगाने जाणारा भारित कण सोडतो तो प्रकाश, सोडत ऊर्जा गमावेल आणि त्यामुळे आणखी वेगवान होत जाईल, असे गणित सांगते. अशा भारित टॅकिऑनचा शोध १९६० च्या दशकातच सुरू झाला, पण हाती काही लागले नाही.

चेरेन्कॉव्ह प्रारणाचा विषय निघाला आहे तर एक नेहमीची चूकही सांगून टाकतो. तुर्भ्याला १९५६ साली सुरू झालेली 'अप्सरा' अणुभट्टी पोहण्याच्या तलावासारख्या पाण्याच्या टाकीत होती आणि अशा भट्टीच्या पाण्यात दिसणारा निळा प्रकाश चेरेन्कॉव्ह प्रारणाचाच असतो. तेथील इलेक्ट्रॉन प्रकाशापेक्षा वेगाने जात असतात हे खरे, पण ते पाण्यातल्या प्रकाशापेक्षा, ज्याचा वेग सेकंदाला सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर असतो. ते टॅकिऑन नव्हेत. याच जातीची दुसरी फसगत लेसरच्या ठिपक्याची आहे. वरळीच्या समुद्रकाठी उभे राहून लेसरचा झोत चंद्रावर टाकला आणि मनगट एका सेकंदात काटकोनातून फिरवले, तर त्याच वेगाने चंद्राच्या अंतरावर सरकणारा ठिपका सेकंदाला सुमारे सहा लाख किलोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या दुप्पट वेगाने, सरकेल. मात्र चंद्राच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर तो काहीच वाहून नेत नाही; प्रत्येक ठिकाणी पोहोचणारा प्रकाश पृथ्वीवरून वेगळा निघालेला आहे. पुंजभौतिकीतल्या गुंतलेल्या कणांच्या जोड्यांनीही संदेश पाठवता येत नाही. या तिन्ही गोष्टींपैकी कोणतीही कथेत टॅकिऑनची जागा घेऊ शकत नाही.

सोळा, बारा, नऊ

आता गाभ्याकडे वळू. प्रकाशापेक्षा वेगवान संदेश भूतकाळात पोहोचतो, असे वाक्य पुष्कळ कथांत असते, पण तो कसा पोहोचतो हे लेखकाने एकदा तरी स्वतः मांडून पाहिलेले नसते, आणि ते वाचकाला लगेच जाणवते. बेनफोर्ड, बुक आणि न्यूकम यांनी १९७० साली 'टॅकिऑनचा प्रतिदूरध्वनी' या नावाने ही अडचण नीट मांडली. बेनफोर्ड हे भौतिकशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथालेखक असे दोन्ही आहेत. पुढचे उदाहरण त्याच धर्तीवर मी तयार केले आहे आणि लेखकांनी ते कागदावर स्वतः करून पाहावे.

सुमन मुंबईत आहे आणि तिचा भाऊ माधव प्रकाशाच्या ०.८ पट वेगाने पृथ्वीपासून दूर जाणाऱ्या यानात आहे. यान निघाले त्या क्षणी दोघांनी आपापली घड्याळे शून्यावर लावली. दोघांकडे असे यंत्र आहे की जे पाठवणाऱ्याच्या दृष्टीने प्रकाशाच्या चौपट वेगाने संदेश पाठवते. सोळाव्या दिवशी सुमन संदेश पाठवते. मुंबईच्या हिशेबाने तो विसाव्या दिवशी यानाला गाठतो, कारण तेव्हा यान सोळा प्रकाशदिवस दूर असते आणि संदेशाने तेवढे अंतर चार दिवसांत कापलेले असते. पण वेगाने जाणाऱ्या यानातले घड्याळ मुंबईच्या हिशेबाने ०.६ पट चालीने चालते, म्हणून माधवच्या घड्याळात तेव्हा बारावा दिवस असतो. माधव लगेच उत्तर पाठवतो. त्याच्या दृष्टीने तो स्थिर आहे आणि मुंबईच ०.८ प्रकाशवेगाने दूर चालली आहे, तेव्हा गणित तंतोतंत तेच लागू होते: ज्या प्रमाणात सोळाचे बारा झाले त्याच प्रमाणात बाराचे नऊ होतात. माधवचे उत्तर सुमनला नवव्या दिवशी मिळते. प्रश्न विचारायला अजून सात दिवस आहेत.

यात कोणाचे घड्याळ बिघडलेले नाही आणि यानाने कोणताही नियम मोडलेला नाही, ०.८ प्रकाशवेगाचे यान आज कोणाकडे नसले तरी ते खर्चिक आहे, निषिद्ध नाही. विपरीत घडवले ते एकट्या टॅकिऑनने. आकडे बदलून पाहिले की लेखकाच्या हाती आणखी काही लागते. संदेशाचा वेग प्रकाशाच्या दुप्पट असेल, तर याच यानाकडून उत्तर अगदी सोळाव्याच दिवशी, प्रश्न पाठवण्याच्या क्षणीच येते. दुपटीहून कमी असेल तर ते नंतर येते आणि काही बिघडत नाही. वेग अनंत धरला, तरी उत्तर ५.७६ दिवसांच्या आधी येऊ शकत नाही. म्हणजे भूतकाळात मागे जाण्यालाही मर्यादा आहे, आणि यान निघण्याच्या आधीचा काळ या पद्धतीने कधीच हाती लागत नाही. शिवाजी महाराजांच्या काळात संदेश पाठवण्याची योजना ज्यांच्या कथेत आहे, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. आणि पावसाळी रात्रीचा प्रसंग आठवावा: मुंबईच्या यंत्राची ऊर्जा चाळीस टक्क्यांवर घसरली आणि माधवचे यंत्र नेहमीसारखे चालले, तर उत्तर नवव्या दिवसाऐवजी ७.८ दिवसांवर, म्हणजे एका दिवसाहून थोडे अधिक आधी, येईल. विजेच्या दाबावर काळाचे अंतर ठरते आहे, असा तक्ता लेखकाने तयार केला की निम्मी कथा उभी राहते.

विरोधाभासातून वाट

सोळाव्या दिवशी सुमनने कळवले असेल की आईला कुर्ला स्थानकावर अपघात झाला, आणि नवव्या दिवशी माधवचे उत्तर आले असेल की आईला त्या दिवशी घराबाहेर पडू देऊ नकोस, तर अपघात टळतो, मग सुमन काहीच कळवत नाही, मग उत्तरही येत नाही. या गाठीतून बाहेर पडण्याच्या चार वाटा आहेत. लेखकाने लिहायला बसण्याआधी त्यांपैकी एक निवडावी आणि शेवटपर्यंत तिला चिकटून राहावे.

इतिहासाला फांद्या फुटतात, ही सर्वांत रुळलेली वाट. एका फांदीत आई वाचते, दुसरीत नाही. मला ही वाट स्वस्त वाटते, कारण तिच्यात कोणत्याही चुकीची किंमत मोजावी लागत नाही. पात्र हरले तर लेखक दुसरी फांदी पुढे करतो. दुसरी वाट अशी की घडलेले बदलता येत नाही आणि संदेशही घडलेल्याचाच भाग असतो, म्हणजे सुमनची खबरदारीच आईला कुर्ल्याला नेते. ग्रीक शोकांतिकेपासून आपल्याकडच्या कंसाच्या कथेपर्यंत हा साचा वाचकाच्या ओळखीचा आहे. आकाशवाणीने सावध झालेला कंस स्वतःच भविष्याची वाट मोकळी करतो, म्हणून ही वाट मराठीत सहज चालते. पण ओळखीची असल्यामुळेच शेवट वाचकाला आधी कळण्याचा धोका तिच्यात आहे. तिसऱ्या वाटेत सापेक्षतेलाच मुरड घालावी लागते: टॅकिऑनसाठी विश्वात एकच खास संदर्भचौकट, म्हणजे वेळ आणि अंतर मोजण्याचा एकच मान्य हिशेब, आहे आणि तिच्या हिशेबाने ते कधीच मागे जात नाहीत. ही वाट सुरक्षित आहे, आणि सुरक्षिततेपोटी नीरसही.

चौथी वाट भौतिकशास्त्रज्ञांनी स्वतः सुचवलेली आहे आणि कथांत ती क्वचितच दिसते. १९६२ च्या त्या शोधनिबंधातच तिची मांडणी आहे. मागे जाणारा आणि ऋण ऊर्जा असलेला टॅकिऑन म्हणजे पुढे जाणारा आणि धन ऊर्जा असलेला टॅकिऑन, फक्त उलट दिशेने जाणारा, असे तिचे म्हणणे आहे. आपल्या उदाहरणात माधवने उत्तर पाठवले ते मुंबईच्या हिशेबाने विसाव्या दिवशी आणि ते पोहोचले नवव्या दिवशी; तेव्हा सुमनच्या नजरेतून घडते ते असे की नवव्या दिवशी तिच्या यंत्राने, कोणी कळ न दाबता, आपणहून टॅकिऑन सोडले आणि ते विसाव्या दिवशी यानाने टिपले. गंमत पुढेच आहे. गणित दोन्ही बाजूंनी सारखे असल्यामुळे माधवलाही सुमनचा संदेश 'मिळाला' असे दिसत नाही. बाराव्या दिवशी त्याचेही यंत्र आपणहून बोलू लागते. दोघांपैकी कोणालाच कधी संदेश आलेला नाही. दोघांच्याही खोलीत एक यंत्र आहे, जे अधूनमधून स्वतःच्या मनाने काहीतरी बरळते, आणि ते बरळणे बहिणीच्या किंवा भावाच्या शब्दांत असते. लिहिणाऱ्याला याहून जास्त काय हवे?

या वाटेवरचा आक्षेपही कथेतच घ्यावा. १९७० च्या प्रतिदूरध्वनीवाल्या लेखकांचे म्हणणे असे की बाणाची दिशा कशीही काढली, तरी मजकूर कोणी रचला हे बदलत नाही. माधवने यानात बसून एक ओवी रचली आणि सुमनच्या यंत्राने ती नवव्या दिवशी म्हटली, तर ओवीची कर्ती सुमन किंवा तिचे यंत्र आहे असे म्हणता येईल का? आक्षेप बिनतोड आहे, पण त्यामुळे वाट बंद होत नाही, उलट कथेला प्रश्न मिळतो: आपल्या तोंडून निघालेले शब्द आपले आहेत हे सुमन कशावरून ठरवणार? अशा कथेत दोनच पात्रे पुरतात. संशोधन संचालक, परकीय हेर आणि मंत्रालयातली बैठक यांना बाहेरच ठेवावे.

खरे काय घडले ते माहीत असावे

काल्पनिक लिहिणाऱ्याला सत्यस्थिती ठाऊक असावी लागते. आजच्या भौतिकशास्त्रात टॅकिऑन हा शब्द बहुधा वेगवान कणासाठी वापरला जात नाही. एखाद्या क्षेत्राच्या वस्तुमानाचा वर्ग ऋण निघाला, तर त्याचा अर्थ ते क्षेत्र अस्थिर अवस्थेत आहे असा घेतात. टोकावर उभ्या केलेल्या पेन्सिलीसारखे ते घरंगळून स्थिर अवस्थेत जाते आणि या सगळ्यात प्रकाशापेक्षा वेगाने संदेश कोठेही जात नाही. मूलकणांना वस्तुमान देणाऱ्या हिग्ज क्षेत्राची कहाणी याच धर्तीची आहे, आणि मूलकणांना सूक्ष्म तंतूंची कंपने मानणाऱ्या स्ट्रिंग सिद्धांतातल्या अशा टॅकिऑनचे शेवटी काय होते याबद्दल भौतिकशास्त्रज्ञ अशोक सेन यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस केलेले काम जगभर नावाजले गेले. कथेत हा तपशील आणणे अवघड आहे, पण जाणकार पात्राच्या तोंडी टॅकिऑनविषयी बालिश वाक्ये जाऊ नयेत, एवढ्यासाठी तो माहीत असावा.

प्रयोगशाळेतली वेगळीच कथा २०११ ची आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेतून निघालेले न्यूट्रिनो, म्हणजे पदार्थातून जवळजवळ विनाअडथळा जाणारे अतिसूक्ष्म कण, सुमारे ७३० किलोमीटर जमिनीखालून जाऊन इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेत पोहोचत आणि ऑपेरा नावाच्या प्रयोगाने ते टिपत असे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात ऑपेराच्या संशोधकांनी जाहीर केले की न्यूट्रिनो प्रकाशाच्या मानाने सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचत आहेत. एवढ्या वेळात प्रकाश १८ मीटर जातो, म्हणजे मुंबईच्या लोकलच्या एका डब्याची लांबीही पुरती होत नाही. पण तेवढ्याने शंभर वर्षांचे भौतिकशास्त्र हलले असते. शंका घ्यायला जुना पुरावा होता. १९८७ साली दिसलेल्या अतिनवताऱ्याचे, म्हणजे स्फोट पावलेल्या ताऱ्याचे, न्यूट्रिनो त्याच्या प्रकाशाआधी काही तासच पोहोचले होते, आणि तेही प्रकाशाला ताऱ्यातून बाहेर पडायला वेळ लागतो म्हणून. न्यूट्रिनो ऑपेराच्या मापाइतके वेगवान असते, तर ते सुमारे चार वर्षे आधी येऊन गेले असते. शेवटी दोष सापडला तो यंत्रणेत: जीपीएसचा संकेत आणणारी प्रकाशतंतूची एक जोडणी नीट बसलेली नव्हती, आणि एका घड्याळाच्या चालीतही फरक होता. २०१२ मध्ये त्याच प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या प्रयोगासह नव्या मोजणीत न्यूट्रिनोंचा वेग प्रकाशाइतकाच निघाला आणि ऑपेराच्या प्रमुखांनी राजीनामा दिला.

टॅकिऑन न दाखवता टॅकिऑनची कथा लिहायची असेल, तर हा नमुना अभ्यासावा. सैल जोडणी शोधणारा तंत्रज्ञ, निकाल खरा असावा अशी मनातून इच्छा असलेला संशोधक, आणि 'आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही शोधा' असे जगाला सांगण्याचा धीर, हे सारे त्यात आहे. माझ्याकडे आलेल्या एकाही कथेत चुकलेला प्रयोग नव्हता. पुष्पक विमान टॅकिऑनवर चालत असे हे सिद्ध करणाऱ्या कथा मात्र दरवर्षी येत. त्या मी परत पाठवत असे आणि त्यांपैकी एका लेखकाने मला पूर्वजांचा द्रोही ठरवले होते.

मराठीत लिहिताना

काळाशी खेळणारी कथा मराठीत लिहिण्याचा एक फायदा आपल्या लेखकांनी पुरेसा उचललेला नाही. 'परवा' हा आपला शब्द गेल्या दिवसाला चालतो आणि येत्या दिवसालाही. कोणता तो अर्थ क्रियापदावरून कळतो. अजून कुर्ल्याच्या फलाटावर उभा असलेला माणूस फोनवर 'आलोच' म्हणतो, आणि घरातून निघणारा 'येतो' म्हणून जातो. आता वर सांगितलेली यंत्राची अडचण आठवा: संदेश जितका वेगवान, तितका तुटक. सुमनच्या यंत्रातून नवव्या दिवशी 'परवा कुर्ला आई' एवढेच उमटले आणि क्रियापद गळाले, तर तिला सावध केले आहे की घडून गेलेले कळवले आहे, हे तिला कळणार नाही. हा प्रसंग इंग्रजीत जसाच्या तसा नेता येणार नाही, म्हणून तो आपल्या कथेत असावा.

परिभाषेबाबत माझे मत असे की टॅकिऑन हा शब्द तसाच वापरावा, पहिल्या उल्लेखाला अर्ध्या वाक्यात त्याचा अर्थ द्यावा आणि त्याचे मराठी नाव घडवण्याच्या भानगडीत पडू नये. प्रकाशवेग, वस्तुमान, संदर्भचौकट, कार्यकारणभाव हे शब्द विज्ञान वाचणाऱ्याच्या परिचयाचे आहेत. स्पष्टीकरण सलग दीड पान चालू देऊ नये. दादर स्थानकातल्या इंडिकेटरकडे पाहणाऱ्या दोन माणसांच्या संवादात गाडीची वेळ, तिचा उशीर आणि प्रत्यक्ष आगमन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे सहज येऊ शकते, आणि सापेक्षतेचा निम्मा भाग तेवढ्याने वाचकाच्या मनात तयार होतो.

कच्चा खर्डा झाला की एक तक्ता काढावा: डावीकडे सुमनचे दिवस, उजवीकडे माधवचे, आणि प्रत्येक प्रसंगापुढे त्या क्षणी कोणाला काय माहीत आहे याची नोंद. टॅकिऑनच्या कथेतल्या चुका बहुतेक वेळा विज्ञानाच्या नसतात, माहितीच्या असतात. अजून न आलेल्या संदेशातली गोष्ट पात्र बोलून जाते आणि लेखकाच्या ते ध्यानात येत नाही. तक्त्यावर बोट ठेवून कथा एकदा सुमनच्या क्रमाने आणि एकदा माधवच्या क्रमाने वाचावी. दोन्ही वेळा वाचून झाल्यावर प्रत्येक 'आधी', 'नंतर', 'आता' आणि 'परवा' खाली रेघ ओढून तो कोणाच्या घड्याळाचा आहे ते समासात लिहावे. तक्ता कथेसोबत संपादकाकडे पाठवू नये, पण त्याने फोन करून विचारलेच तर तो हाताशी असावा.